छायाचित्रातील अळंबी आणि दगडफूल

पावसाळा चांगला मुरला, की आपल्याकडच्या रानांत, बागांत आणि परसांत एक निराळीच सृष्टी वर येते. कालपर्यंत जेथे नुसती ओली माती होती, तेथे आज पांढरी छत्री उभी असते. वठलेल्या फांदीला नारिंगी कान फुटलेले असतात. आंब्याच्या सालीवर राखी-हिरवी नक्षी उठून दिसू लागते. पूर्वी मनुष्य हे पाहून पुढे जाई. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असल्यामुळे तो थांबतो, छायाचित्र काढतो, आणि ते एखाद्या जाणकाराकडे किंवा मोबाइलमधील ओळखयंत्रणेकडे पाठवून विचारतो, 'हे काय आहे?' प्रश्न उत्तम आहे. निसर्गाच्या अभ्यासाला त्यापासूनच आरंभ होतो. परंतु पुष्कळदा त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, 'हे खाता येते काय?' हे दोन प्रश्न वरवर एकच वाटतात, पण त्यांत मोठे अंतर आहे. पहिल्याचे उत्तर चुकले तर वहीतील एक नाव खोडावे लागते. दुसऱ्याचे चुकले तर घरातील एक माणूस जाते.

तेव्हा छायाचित्रावरून अळंबी आणि दगडफूल कितपत ओळखता येते, ते साधन कोठे अपुरे पडते, आणि त्याचा उपयोग अधिक चांगला कसा करून घ्यावा, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम अळंबी म्हणजे काय ते पाहू. आपण जिला अळंबी, भूछत्र किंवा कुत्र्याची छत्री म्हणतो, ते कवकाचे संपूर्ण शरीर नव्हे. ते केवळ त्याचे फळ होय. खरे कवक म्हणजे माती, पालापाचोळा किंवा लाकूड यांच्या आत पसरलेले बारीक तंतूंचे जाळे. ते महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, दृष्टीआड राहते आणि योग्य वेळ येताच बीजाणू पसरविण्यासाठी छत्र वर पाठविते. म्हणजे छायाचित्रात आपल्याला मिळते ते एका झाडाचे फळ, तेही दोन-चार दिवसांचे. या दोन-चार दिवसांतही त्याचे रूप पालटत जाते. कोवळेपणी अंड्यासारखे दिसणारे दुसऱ्या दिवशी घंटेसारखे आणि तिसऱ्या दिवशी ताटलीसारखे पसरट होते. पावसाच्या एका सरीने छत्रावरील खवले धुऊन जातात, आणि ऊन पडले की रंग विटतो. एकाच जातीची तीन छायाचित्रे तीन निरनिराळ्या जातींची वाटावीत, आणि तीन जातींची छायाचित्रे एकाच जातीची वाटावीत, हे येथे नित्य घडते.

याचा अर्थ छायाचित्र निरुपयोगी आहे असा मात्र नाही. काही कवके आपल्या आकारानेच आपली ओळख सांगतात. बांबूच्या बनात किंवा कुजक्या पाल्यातून वर येणारे, देठाभोवती पांढऱ्या जाळीचा घागरा ल्यालेले आणि दुर्गंधीने माश्यांना बोलावणारे जाळीदार कवक एकदा पाहिले म्हणजे विसरता येत नाही. वाळक्या फांदीवर येणारे लहानसे, लोकरीसारखे पांढरे पंखे उलटे करून पाहिले आणि खालच्या पट्ट्या लांबीत दुभंगलेल्या दिसल्या, की ते दुभंग-पट्टीचे कवक, म्हणजे शिझोफायलम होय, हे छायाचित्रावरूनही बहुधा निश्चित सांगता येते. पक्ष्याच्या घरट्यात अंडी ठेवावीत तशी दिसणारी चिमुकली कवके, तारेसारखी उमलणारी भूतारका, लाकडावरील कठीण फळ्यांसारखी कवके यांचा निदान गट तरी चित्रावरून ओळखू येतो. वंश सांगता येतो. जात सांगता येतेच असे नाही. वंशापर्यंत येऊन थांबणे हा अज्ञानाचा भाग नसून प्रामाणिकपणाचा भाग आहे.

अडचण उभी राहते ती नेहमीच्या छत्रीसारख्या अळंब्यांपाशी. बहुतेक छायाचित्रे उभ्याने, वरून काढलेली असतात. डोक्यावरील टोपी पाहून माणसाचे नाव सांगावे, तसा तो प्रकार होतो. अळंबीची खरी ओळख छत्राच्या खाली आणि देठाच्या बुडाशी असते. छत्राखाली पातळ पट्ट्या आहेत की बारीक छिद्रे आहेत? पट्ट्या देठाला चिकटलेल्या आहेत की सुट्या? देठावर कडे आहे काय? बुंध्याशी जमिनीत दडलेली पिशवी आहे काय? कापल्यावर आतील गराचा रंग बदलतो काय? वास कसा आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे, बीजाणूंचा रंग कोणता? यांतील पहिल्या चार-पाच प्रश्नांची उत्तरे छायाचित्र देऊ शकते, पण ती विचारून छायाचित्र काढले असेल तरच. वास आणि स्पर्श यांची उत्तरे ते कधीच देऊ शकत नाही. बोट लावून पाहिल्यावाचून विश्वास ठेवणार नाही, असे म्हणणाऱ्या प्रेषित थोमाची साशंकता एरवी फारशी वाखाणली जात नाही. अळंबीच्या बाबतीत मात्र ती सद्गुणच मानावी लागेल.

गोव्यातील एक उदाहरण घेऊ. सांजांवचा सण होऊन पाऊस स्थिरावला, की पुढील काही आठवडे रानातली अळंबी, म्हणजेच ओलमी, हा तेथील घराघरांत कौतुकाचा विषय असतो. यांतील नावाजलेली अळंबी वारुळावर, म्हणजे रोयणीवर उगवते. तिचे शास्त्रीय नाव टर्मिटोमायसीस. फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे एम यांनी 1942 मध्ये हा वंश स्थापिला. वाळवी आणि ही अळंबी यांचा संबंध शेतकरी आणि पीक यांच्यासारखा आहे. वाळवी वारुळाच्या आत चघळलेल्या वनस्पतींचे मऊ पोळे करून त्यावर हे कवक वाढविते. कवक त्या काष्ठाचे पचनीय अन्न करते. पावसाळ्यात त्याच पोळ्यातून एक लांब मुळासारखा देठ निघतो आणि माती भेदून वर छत्र उघडतो. माती फोडण्यासाठी छत्राच्या मध्यभागी बहुधा एक टोकदार उंचवटा असतो. म्हणजे या अळंबीची खूण वरच्या पांढऱ्या छत्रात जितकी आहे, त्याहून अधिक जमिनीखालच्या त्या लांब मुळात आणि शेजारच्या वारुळात आहे.

आता दुसरी अळंबी पाहा. ती हिरवळीवर, खेळाच्या मैदानावर, बंगल्यांच्या बागांत पावसानंतर येते. पांढरे मोठे छत्र, त्यावर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारे कडे, दिसावयास ऐटदार. तिचे नाव क्लोरोफायलम मोलिब्डायटीज. ती खाल्ल्यास काही तासांत भयंकर वांत्या आणि जुलाब होतात. अमेरिकेत अळंबीच्या विषबाधेची सर्वाधिक प्रकरणे हिच्यामुळेच होतात. कोवळी असताना तिच्या छत्राखालच्या पट्ट्या पांढऱ्या असतात. पुढे त्या हिरवट होत जातात. वरून काढलेल्या छायाचित्रात, किंवा कोवळ्या नमुन्याच्या छायाचित्रात, ती एखाद्या खाण्याच्या अळंबीसारखी दिसू शकते. परंतु तिच्या बीजाणूंचा रंग हिरवट असतो, आणि वारुळावरच्या अळंबीचा फिकट गुलाबी. एवढी एक खूण दोघींना वेगळे करते, आणि नेमकी तीच वरून टिपलेल्या चित्रात नसते.

बीजाणूंचा रंग पाहण्याची रीत अगदी सोपी आहे. शाळकरी मुलांनाही ती करता येते. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असा कागद घ्यावा. छत्राचा देठ छाटून ते पट्ट्यांची बाजू खाली करून कागदाच्या मधोमध ठेवावे, वर एक वाटी पालथी घालावी आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी छत्र अलगद उचलले, की कागदावर बीजाणूंच्या भुकटीची चक्राकार आकृती उमटलेली दिसते. पांढरे बीजाणू काळ्या भागावर दिसतात, रंगीत बीजाणू पांढऱ्या भागावर. या आकृतीचेही छायाचित्र घ्यावे. छत्राच्या दहा चित्रांपेक्षा हे एक चित्र जाणकाराला अधिक सांगते.

बुंध्याशी असलेल्या पिशवीचे महत्त्व तर याहूनही मोठे आहे. युरोपात ओकसारख्या वृक्षांच्या सोबतीने वाढणारी अमानिटा फॅलॉइड्स ही जगातील सर्वांत घातक अळंब्यांपैकी एक होय. हिचे विष शिजविल्याने नाहीसे होत नाही. चव वाईट नसते. जेवणानंतर बहुधा सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग वांत्या-जुलाब सुरू होतात, मध्ये थोडे बरेही वाटू लागते, आणि त्याच अवधीत यकृत निकामी होत असते. ही अळंबी आता युरोपाबाहेरही, लावलेल्या वृक्षांच्या मुळांबरोबर, दूरदूर पोहोचली आहे. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे 2011 च्या अखेरच्या दिवशी केलेल्या एका जेवणात ती वापरली गेली आणि 2012 च्या आरंभी दोघांचा मृत्यू झाला. आग्नेय आशियातून परदेशी गेलेल्या लोकांच्या बाबतीत अशा दुर्घटना वारंवार घडल्या आहेत, आणि त्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. त्यांच्या मायदेशी भाताच्या पेंढ्यावर येणारी व्होल्व्हेरिएला ही अळंबी आवडीने खातात. तिच्याही बुडाशी पिशवी असते, आणि कोवळेपणी दोघी फार सारख्या दिसतात. मायदेशात जी नजर अचूक होती तीच परदेशात घातक ठरली. येथेही बीजाणूंनी भेद सांगितला असता: पेंढ्यावरच्या अळंबीचे बीजाणू गुलाबी, घातक अळंबीचे पांढरे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या गावाकडील वृद्ध स्त्रिया रानातली अळंबी बिनचूक निवडतात, ती काही नुसत्या रूपावरून नव्हे. कोणत्या वारुळावर, कोणत्या नक्षत्रात, कितव्या पावसानंतर काय उगवते, उपटल्यावर मूळ किती लांब निघते, वास कसा येतो, हे सारे त्या एकदम पाहत असतात. त्यांचे ज्ञान त्या जागेशी बांधलेले आहे. छायाचित्र मात्र वस्तूला तिच्या जागेपासून तोडते. आणि जागा तुटली, की निम्मी ओळख तुटते. याच कारणाने एका गावचे ज्ञान दुसऱ्या प्रदेशात तसेच्या तसे लावणेही धोक्याचे आहे. आपल्याच देशात आसामात 2022 च्या एप्रिल महिन्यात रानातली अळंबी खाऊन दहाहून अधिक माणसे दगावली. त्यांत चहामळ्यांतील मजुरांची कुटुंबे होती. चांदीचे नाणे काळे पडले तर अळंबी विषारी, गोगलगाईने खाल्ली असेल तर निर्धोक, लसणाबरोबर उकळली म्हणजे विष उतरते, अशा ज्या समजुती प्रचलित आहेत, त्यांना काडीचाही आधार नाही. घातक अळंबी गोगलगाय खुशाल खाते. संशयित अळंबी पोटात गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि उरलेली अळंबी, शिजलेली असली तरी, बरोबर न्यावी.

आता छायाचित्र चांगले कसे काढावे, याकडे वळू. याचा धडा आपल्याला चित्रकारांकडून मिळतो. मुलांच्या सशाच्या गोष्टींमुळे जगप्रसिद्ध झालेल्या इंग्रज लेखिका बिअॅट्रिक्स पॉटर यांनी तरुणपणी कवकांची शेकडो जलरंगचित्रे काढली होती. बीजाणूंच्या रुजण्यावरील त्यांचा निबंध 1897 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे दुसऱ्या सभासदाकरवी मांडला गेला, कारण स्त्रियांना तेथे तेव्हा प्रवेश नव्हता. पुढे 1967 मध्ये त्यांची काही चित्रे कवकांच्या एका ओळखपुस्तकात छापली गेली. सत्तर वर्षांनंतरही ती उपयोगी का पडली? कारण चित्रकार एकाच कागदावर अळंबी वरून, खालून आणि उभी कापून दाखवितो. कोवळी आणि जून शेजारी शेजारी मांडतो. दिसेल ते टिपण्याऐवजी विचारावे लागेल ते तो दाखवितो. कॅमेऱ्याकडूनही हेच काम करून घेता येते.

त्यासाठी एकाच अळंबीची निदान पाच छायाचित्रे काढावीत. पहिले थोडे दुरून, आजूबाजूचे झाड, वारूळ, पालापाचोळा दिसेल असे. दुसरे जमिनीवर बसून, बाजूने. तिसरे छत्राच्या खालच्या बाजूचे. अळंबी उपटावयाची नसेल तर खाली लहानसा आरसा धरावा. चौथे चाकूने भोवतालची माती मोकळी करून बुडासकट काढलेल्या नमुन्याचे, आणि पाचवे उभ्या चिरलेल्या अर्ध्या भागाचे. शेजारी मोजपट्टी ठेवावी, कारण चित्रात टाचणीएवढे आणि ताटाएवढे सारखेच दिसते. रंगासाठी एक पांढरा कागद चौकटीत येऊ द्यावा. दाट झाडीतील हिरवा उजेड पांढऱ्या अळंबीलाही हिरवट करून टाकतो. तारीख, ठिकाण, जवळचे झाड आणि वास यांची नोंद त्याच वेळी करावी. नमुना एकच घ्यावा, आणि अभयारण्यात तर काहीच उचलू नये. अळंबीला नुसता हात लागल्याने विष बाधत नाही. हात धुतले म्हणजे झाले.

मोबाइलमधील ओळखयंत्रणेविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ही यंत्रणा तिला पूर्वी दाखविलेल्या असंख्य चित्रांशी आपले चित्र ताडून पाहते आणि त्यातल्या त्यात जवळचे नाव पुढे करते. जी जात तिला कधी दाखविलीच गेली नाही, ती तिला सुचणार तरी कशी? युरोप-अमेरिकेतील कवकांची चित्रे विपुल आहेत. सह्याद्रीतील कवकांची त्या मानाने थोडी. तेव्हा यंत्राने दिलेले नाव हे शोधाची सुरुवात समजावे, निकाल समजू नये.

अळंबीइतकेच छायाचित्रकारांना मोह घालणारे दुसरे कुळ दगडफुलांचे. येथे पोटाचा धोका फारसा नसला, तरी ओळखीची अडचण अधिकच सूक्ष्म आहे. दगडफूल म्हणजे एक जीव नव्हे. कवक आणि हिरवे शैवाल (कधी नील-हरित जीवाणू) यांचे ते सामाईक बिऱ्हाड आहे. कवक घर बांधते, शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न शिजविते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये हे प्रथम मांडले, तेव्हा अनेक विद्वानांना ते पटले नव्हते. दगडफुलाला जे शास्त्रीय नाव देतात ते मात्र त्यातील कवकाचे असते.

रूपावरून दगडफुलांचे तीन ढोबळ प्रकार पडतात: सालीला किंवा दगडाला रंगासारखी चिकटलेली, पानांसारखी पसरणारी, आणि झुडुपासारखी उभी किंवा दाढीसारखी लोंबणारी. एवढा भेद छायाचित्रावरून कोणीही करू शकतो. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे काळपट-राखी दगडफूल दुसऱ्या प्रकारातले. त्यात पार्मोट्रेमा या वंशातील जाती प्रामुख्याने असतात आणि बाजारच्या पुडीत बहुधा अनेक जातींची मिसळ असते. पहिल्या प्रकाराचे उदाहरण पाहावयाचे असेल तर सुपारीच्या किंवा आंब्याच्या खोडावरील पांढुरके ठिपके पाहावेत. त्यांतील काहींवर काळ्या बारीक रेघा असतात, जणू कोणी अनोळखी लिपीत काही लिहून ठेवले आहे. हा ग्राफिस वंश. वंशाचे नाव चित्रावरून सांगता येते. पण जातीसाठी त्या रेघेचा छेद आणि आतील बीजाणू सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागतात.

शिवाय दगडफुलांची अर्धी ओळख त्यांच्या रसायनात असते. फिनलंडचे विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्ये दाखविले, की पोटॅश किंवा विरंजक चुना यांच्या द्रावणाचा एक थेंब टाकला असता काही जाती पिवळ्या पडतात, काही लाल होतात, काही तशाच राहतात. डोळ्यांना जुळ्या वाटणाऱ्या दोन जाती या एका थेंबाने वेगळ्या होतात. हा थेंब छायाचित्रावर टाकता येत नाही. त्यातून दगडफूल सुके असता राखी आणि भिजले की हिरवे दिसते. म्हणून दोन्ही स्थितींत चित्र घ्यावे आणि भिंगातून कडा, कडेवरील केस व खालची बाजू टिपावी.

तथापि एका बाबतीत छायाचित्र दगडफुलांची जी सेवा करू शकते, ती दुसरे कोणतेही साधन करू शकत नाही. अळंबी दोन दिवसांत जाते. दगडफूल जागेवर राहते. सालीला वा दगडाला चिकटून राहणाऱ्या अनेक जाती वर्षाला एखादा मिलिमीटर, किंवा त्याहूनही कमी वाढतात. याच नायलँडर यांनी 1866 मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतील झाडांवर शहरात इतरत्र न आढळणारी दगडफुले पाहिली आणि तेथील हवा अधिक शुद्ध असल्याचे ते लक्षण मानले. पुढे हवा बिघडत गेली तशी ती त्या बागेतूनही नाहीशी झाली. जांभ्याच्या गडग्यावरचा, रस्त्याकडेच्या खुरसावरचा किंवा शाळेच्या आवारातील आंब्यावरचा एकच ठिपका निवडून, शेजारी मोजपट्टी धरून, दर वर्षी त्याच महिन्यात त्याचे छायाचित्र घ्यावे. नाव माहीत नसले तरी चालेल. दहा वर्षांनी ती दहा चित्रे गावच्या हवेविषयी काहीतरी बोलू लागतील. त्यासाठी ते खरवडावे लागत नाही. खरवडले तर पुन्हा येण्यास पिढी जाते.

ज्यांना नावापर्यंत पोहोचावयाचेच आहे, त्यांनी छायाचित्राला नमुन्याची जोड द्यावी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर यांच्या नावाचा कवकसंग्रह आहे. वाळविलेले नमुने अशा संग्रहांत क्रमांक लावून जपले जातात, आणि शंका आली की पुढचा अभ्यासक तोच नमुना पुन्हा तपासू शकतो. रंग आणि जागा छायाचित्राने सांगावी, बीजाणू आणि रसायन नमुन्याने सांगावे, अशी ही वाटणी आहे.

सारांश, छायाचित्र हा खरे बोलणारा, पण विचारले तेवढेच सांगणारा साक्षीदार आहे. त्याला योग्य प्रश्न विचारले तर तो गट सांगेल, पुष्कळदा वंश सांगेल, क्वचित जातही सांगेल. स्थळ आणि काळ यांची साक्ष तर तो उत्तमच देईल. मात्र चुलीवर भांडे चढवावे की नाही, हे त्याला विचारू नये. ती अळंबी त्या जागी, त्या हंगामात, वर्षानुवर्षे ओळखणारे माणूस प्रत्यक्ष जवळ असेल आणि त्याला तिळमात्र शंका नसेल, तरच ती घरात आणावी. नाहीतर जेथे उगवली तेथेच राहू द्यावी. तिचे छायाचित्र तेवढे घरी न्यावे.